मागून येणारा घुमारा आणि खालचा 'टक्' आवाज : क्राउन-पिनियन विकत घेण्याआधी खात्री कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. माझा ट्रक दोन ॲक्सलचा असून इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. इंजिन चार सिलिंडरचे डिझेल आहे. गियरबॉक्स सहा गियरचा आहे आणि त्यातला सहावा गियर थेट, म्हणजे एकास एक आहे. गियरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये त्याला आधार देणारे सेंटर बेअरिंग आहे. मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या पेटीत, शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी असते; तिच्यातल्या मोठ्या क्राउनला ४१ आणि लहान पिनियनला ८ दाते आहेत, आणि टायर १०.००-२० मापाचे आहेत. हे सगळे आधीच सांगतो आहे, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना ते पुन्हा विचारावे लागू नये.

गेल्या काही आठवड्यांपासून गाडी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेली की मागून घुमणारा आवाज येऊ लागतो. ५५ ते ६५ या वेगात तो सर्वांत जास्त असतो, केबिनच्या फरशीतून तळपायालाही जाणवतो, आणि ७० च्या जवळ काहीसा विरतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आवाज कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही. याशिवाय थांबलेली गाडी पहिल्या गियरमध्ये उचलताना, तसेच चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना, खालून 'टक्' असा आवाज एकदाच येतो. हे सुरू होण्याच्या थोडे आधी गाडीची दोन कामे झाली होती : मागच्या पाट्यांमध्ये (ॲक्सलवरच्या पट्टीस्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढवला होता आणि टायरांची अदलाबदल केली होती.

एका मेकॅनिकचे म्हणणे असे की क्राउन-पिनियनची जोडी आणि हौसिंगमधली सर्व बेअरिंगे बदलावी लागतील. दुसऱ्याने गियरबॉक्स उतरवायला सांगितले आहे. दोघांनीही निदान गाडी उभी असतानाच, मी केलेल्या वर्णनावरून केले. इतके मोठे सुटे भाग केवळ अंदाजावर घेण्याची माझी तयारी नाही. काहीही न उघडता, किंवा कमीत कमी उघडून, आवाज नेमका कुठून येतो हे ठरवण्याची पद्धतशीर रीत कोणी सांगू शकेल का?

उत्तर १

दोन्ही निदाने उभ्या गाडीवर झाली आहेत, त्यामुळे ती सध्या बाजूला ठेवलेली बरी. आवाजाचे वर्णन कितीही नेमके केले तरी तेवढ्यावरून सुटा भाग ओळखता येत नाही. लोखंडी चासीतून आवाज दूरवर जातो, आणि सेंटर बेअरिंगचा आवाज हौसिंगमधून येतो आहे असे वाटणे अगदी नेहमीचे आहे. तो आवाज कोणत्या फिरणाऱ्या भागाबरोबर वाढतो आणि कोणत्या भाराबरोबर बदलतो, हे मात्र खात्रीने ठरवता येते. गाडीत तीन वेगवेगळ्या गती चालू असतात : इंजिनाची, प्रोपेलर शाफ्टची आणि चाकांची. पहिल्या फेरीत शोध या तिन्हींपैकी एकीपर्यंत आणून ठेवायचा आणि त्यानंतरच गाडीखाली जायचे.

सुरुवात एकच वेग दोन गियरमध्ये धरून करावी. सपाट रस्त्यावर ताशी ५० चा वेग आधी सहाव्या गियरमध्ये धरा आणि मग तोच वेग पाचव्यात धरा. इंजिनाच्या फेऱ्या साहजिकच वाढतील, पण प्रोपेलर शाफ्ट आणि चाके पूर्वीइतकीच फिरत राहतील. आवाजाची पट्टी जशीच्या तशी राहिली तर दोष गियरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकापर्यंत कुठेतरी आहे. आवाज इंजिनाबरोबर चढला किंवा एखाद्याच गियरमध्ये उमटला, तर तो इंजिन, क्लच किंवा गियरबॉक्स यांच्यापैकी कशाचा तरी आहे. गियरबॉक्स उतरवण्याचा सल्ला या एका चाचणीतच टिकेल किंवा निकालात निघेल.

त्यानंतर ताशी ६५ वर क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी स्वतःच्या वेगाने ४० पर्यंत उतरू द्या. हे फक्त सरळ, सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर करावे, उतारावर कधीही करू नये. इंजिन चालूच ठेवावे, कारण ते बंद पडले तर स्टिअरिंगची मदत जाते, हवेच्या ब्रेकचा दाब भरला जात नाही, आणि चावी फिरली असेल तर स्टिअरिंग अडकूही शकते. न्यूट्रलमध्ये आवाज तसाच राहिला तर टायर, हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) बेअरिंग किंवा शाफ्टचे असंतुलन यांच्याकडे पाहावे. आवाज लगेच नाहीसा झाला तर तो ताकद वाहून नेणाऱ्या दातांचा किंवा बेअरिंगांचा असण्याची शक्यता अधिक. तुमच्या बाबतीत 'कमी होतो पण जात नाही' असे आहे, आणि यावरून दोन कारणे एकत्र असल्याचा संशय मला आत्ताच येतो.

तिसरी चाचणी पायाची आहे. एकाच वेगात तीन अवस्था पाळीपाळीने धरायच्या : ॲक्सिलरेटर दाबून ओढ देणे, वेग जेमतेम टिकेल इतकाच पाय ठेवणे, आणि पाय पूर्ण काढून इंजिनाने गाडी रोखू देणे. ओढीत पिनियनच्या दातांची एक बाजू क्राउनवर दाबली जाते आणि पाय काढल्यावर दुसरी. त्यामुळे आवाज फक्त ओढीत किंवा फक्त पाय काढल्यावर आला, तर क्राउन-पिनियनच्या त्या बाजूचा झिजलेपणा किंवा चुकीची मांडणी संभवते. बेअरिंगचा आवाज मात्र तिन्ही अवस्थांत थोड्याफार फरकाने टिकून राहतो. त्यातही पिनियनचे बेअरिंग शाफ्टच्या गतीने फिरते म्हणून त्याची पट्टी चढी असते, तर क्राउनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगे चाकाच्या गतीने फिरतात म्हणून ती खर्जात घरघरतात.

राहिले हबचे बेअरिंग. रुंद आणि रिकामी जागा मिळाली तर मध्यम वेगात हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे वळावे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर उजव्या हबकडे बोट दाखवता येते. फेरीनंतर लगेच दोन्ही हबचे तापमान तापमापक बंदुकीने मोजावे. एक हब जोडीदारापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर बेअरिंग तरी जात आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक तरी घासत आहे.

या सर्व फेऱ्यांमध्ये गाडीवरचा भार सारखाच ठेवा, आणि आवाज ऐकण्याचे काम शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. चालकाचे लक्ष रस्त्यावरच असले पाहिजे.

उत्तर २

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात थोड्या गणिताची भर घालतो, कारण तुम्ही दातांची संख्या आणि टायरचे माप दिले आहे आणि त्याचा उपयोग न करणे ही गमावलेली संधी ठरेल.

या मापाचा टायर एका फेरीत सुमारे ३.२ मीटर अंतर कापतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणून चाक सेकंदाला सुमारे ५.२ फेऱ्या घेते. ४१ भागिले ८ म्हणजे ५.१२५. यावरून प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे २६.७ फेऱ्या घेतो, आणि सहावा गियर थेट असल्याने इंजिनही तितकेच, म्हणजे मिनिटाला सुमारे १६०० फेऱ्यांवर चालत असते.

आता प्रत्येक दोष आपापल्या आकड्यावर बोलतो. चाकाचे असंतुलन किंवा टायरचा फुगवटा सेकंदाला ५ च्या आसपास हादरे देतो, आणि ते कानापेक्षा अंगालाच कळतात. शाफ्ट वाकलेला असेल किंवा त्याचे संतुलन गेले असेल तर प्रत्येक फेरीला एक, म्हणजे २७ च्या जवळ. यूजे क्रॉस, म्हणजे शाफ्टची टोके कोनात जोडणारा अधिक-चिन्हासारखा सांधा, कोनात फिरतो तेव्हा प्रत्येक फेरीत दोनदा गती कमी-जास्त करतो, म्हणून कोनांची गडबड ५३ च्या जवळ दिसते. क्राउन-पिनियनचे दाते सेकंदाला ८ गुणिले २६.७, म्हणजे सुमारे २१३ वेळा एकमेकांना भिडतात, आणि तो आवाज स्पष्ट सुरासारखा कानाला ऐकू येतो. फोनमध्ये आवाजाची वारंवारता आलेखात दाखवणारे ॲप घेऊन ही शिखरे पाहता येतात. ४० च्या खालच्या हादऱ्यांसाठी मात्र माइकवर भरवसा ठेवू नये. त्यासाठी फोनमधील कंपन मोजणाऱ्या सेन्सरचे ॲप वापरावे आणि फोन सीटवर न ठेवता फरशीच्या पत्र्यावर घट्ट टेकवावा.

तुमच्या गाडीत एक फसवी जागा आहे, ती आधीच सांगून ठेवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. सहावा गियर थेट असल्यामुळे ६० च्या वेगात इंजिनाचे स्फोटही सेकंदाला ५३ च होतात आणि यूजे क्रॉसचा आकडाही ५३ च येतो. त्यामुळे केवळ सहाव्या गियरमध्ये मोजून ५३ चे शिखर मिळाले तर इंजिनाचे माउंटिंग खराब आहे की शाफ्टचा कोन बिघडला आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्याच वेगात पाचव्या गियरमध्ये पुन्हा मोजा. इंजिनाचे शिखर वर सरकेल, शाफ्टचे जागचे हलणार नाही. ताशी ५० वर शाफ्टचा हाच आकडा ४४-४५ च्या दरम्यान यायला हवा, तेही ताडून पाहा.

५५ ते ६५ मध्येच आवाज मोठा होऊन पुढे विरतो, ही माझ्या मते तुमच्या वर्णनातील सर्वांत मोलाची ओळ आहे. झिजलेल्या दातांचा किंवा बेअरिंगचा आवाज साधारणपणे वेगाबरोबर चढतच जातो. ठरावीक वेगाच्या पट्ट्यात येऊन पुढे ओसरणारा घुमारा बहुतेक वेळा कंपनाचा असतो. शाफ्टचे हादरे चासीच्या किंवा केबिनच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले की तो उठतो.

उत्तर ३

पाटा वाढवल्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाटा वाढला की रिकाम्या गाडीत चासी ॲक्सलपासून वर उचलली जाते आणि मागच्या शाफ्टचा उतार वाढतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पाट्यांच्या गठ्ठ्याखाली ॲक्सलवर बसणारी तिरकी पट्टी त्या कामात उलटी बसली किंवा राहून गेली, तर पिनियनचे तोंड वर किंवा खाली वळते. क्रॉसमुळे होणारी गतीची कमी-जास्त शाफ्टच्या दोन टोकांनी एकमेकांत मिटवून टाकायची असते, आणि त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन जवळजवळ सारखे असावे लागतात. त्यांच्यात एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा, आणि प्रत्येक कोन शक्यतो तीन अंशांच्या आत असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. कोन अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी दाबल्या जाऊन तिथे खाचा पडतात.

हे मोजायला गाडी सपाट जागेवर तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी करावी आणि डिजिटल कोनमापक गियरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर), शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर आणि पिनियनच्या फ्लँजवर ठेवून आकडे लिहून घ्यावेत. शेजारच्या दोन आकड्यांमधील फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन. त्याच वेळी शाफ्टच्या सरकत्या जोडावरच्या खुणाही पाहून घ्याव्यात. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहाती तुकडे) एकाच रेषेत नसतील, म्हणजे पूर्वी शाफ्ट काढून जोडताना स्प्लाइनचा (सरकत्या जोडाच्या लांबट खाचांचा) एखादा दाता इकडेतिकडे बसला असेल, तर कोन बरोबर असूनही घुमारा जाणार नाही.

'टक्' आवाजाचा विचार घुमाऱ्यापासून वेगळा करावा. ताकदीची दिशा बदलताना साखळीतील प्रत्येक जोडाचा प्ले (मोकळीक) एकामागून एक भरून निघतो आणि शेवटी जो दणका बसतो तो आपण ऐकतो. क्रॉस, सरकती स्प्लाइन, क्राउन-पिनियन, स्टार-सन गियर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलमधले) आणि ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइन हे सगळे त्यात वाटा उचलतात. पण पाट्याचे काम नुकतेच झाले आहे, म्हणून मी सर्वप्रथम पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट पाहीन. नवा पाटा घातल्यानंतर थोडी भारवाहतूक झाली की पाटे एकमेकांवर बसतात, यू-बोल्टचा ताण उतरतो, आणि ते पुन्हा ठरलेल्या ताणाने आवळणे राहून गेले तर गाडी उचलताना ॲक्सल आपल्या जागी थोडा गिरकी घेतो. त्यामुळे 'टक्' येतोच, आणि पिनियनचा कोनही भाराखाली बदलतो.

त्यानंतर चारही बाजूंनी चाकांना ठोकळे लावून शाफ्ट हाताने हलवून पाहा. क्रॉस आणि योक यांच्यामध्ये पहार घालून हलके उचकल्यावर जराही हालचाल दिसता कामा नये. क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांभोवती कोरडी, गंजासारखी तांबूस पूड असेल तर आतले ग्रीस संपले आहे. ग्रीस भरताना ते चारही कपांतून बाहेर यायला हवे. तीनच कपांतून आले तर चौथ्यात वाट बंद आहे आणि तो क्रॉस बदलण्याच्या लायकीचा झाला आहे. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का, हेही तिथे असतानाच पाहून घ्या.

शेवटी पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. गोल फिरवताना थोडा प्ले जाणवणे स्वाभाविक आहे, कारण तिथे हौसिंगमधील सगळ्या दातांची आणि स्प्लाइनची मोकळीक एकत्र येते. वर-खाली किंवा आत-बाहेर मात्र काहीच हलता कामा नये. हलले, तर पिनियनचे बेअरिंग गेले आहे.

उत्तर ४

गियरबॉक्सबद्दल थोडक्यात लिहितो, म्हणजे तो मुद्दाही सुटायला नको. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये, क्लचचे पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या) किंवा त्याला समांतर असलेल्या काउंटर शाफ्टचे बेअरिंग पाहावे. पेडलला पाय टेकताच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गियर घातलेला असताना, म्हणजे इनपुट शाफ्ट थांबलेला आणि इंजिन फिरत असताना, आवाज येत असेल तर इनपुट शाफ्टच्या पुढच्या टोकाचे पायलट बेअरिंग. चालत्या गाडीत बाकी सर्व गियरमध्ये येणारा आवाज थेट गियरमध्ये जवळजवळ नाहीसा होत असेल तर काउंटर शाफ्टवर संशय घ्यावा, कारण थेट गियरमध्ये ताकद त्याच्यावरून जात नाही. तुमचा आवाज सहाव्यातही तितकाच येतो, त्यामुळे गियरबॉक्स उतरवण्याचे कारण मला दिसत नाही.

घरी करता येईल अशी एक सोपी चाचणी सुचवतो. मागचा ॲक्सल जॅकवर उचलून गाडी गियरमध्ये चालवली की आवाज कुठून येतो ते जवळून ऐकता येते.

उत्तर १ देणाऱ्याचा पुढील प्रतिसाद

गियरबॉक्सबद्दलचे विवेचन अचूक आहे. शेवटच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. गियरमध्ये फिरणाऱ्या शाफ्टजवळ माणूस असणे हेच मुळात जिवावर बेतणारे आहे. एकच चाक उचलले गेले तर डिफरेन्शियलमुळे ते दुप्पट गतीने फिरते आणि आतले स्टार गियर ज्या गतीसाठी बनवलेले नाहीत त्या गतीने घासले जातात. शिवाय जॅकवर ॲक्सल खाली लोंबतो, शाफ्टचा कोन रस्त्यावर कधीच नसतो इतका मोठा होतो आणि नसलेला घुमारा ऐकू येतो. या गाडीत कोनाचाच संशय आहे, म्हणून ही चाचणी इथे दिशाभूलच करील.

ट्रकमध्ये याहून चांगली सोय आहे. मागची चाके हबच्या बेअरिंगवर स्वतंत्रपणे उभी असतात, त्यामुळे हबच्या तोंडावरील नट काढून दोन्ही ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढले तरी गाडी आपल्याच चाकांवर आणि पाट्यांवर राहते. आधी सर्व चाकांना ठोकळे लावावेत, कारण पार्किंग ब्रेक गियरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असेल तर शाफ्ट काढल्यावर गाडी कशानेही रोखलेली नसते. नटांखालचे निमुळते कोन सुटताना उडतात, म्हणून नट पूर्ण न काढता आधी ढिले करून कोन सोडवून घ्यावेत. ऑइल सांडेल ते भांड्यात धरावे आणि हबची तोंडे स्वच्छ कापडाने झाकावीत. आता केबिनमधून सहाव्या गियरमध्ये इंजिन १६०० फेऱ्यांवर नेले की शाफ्ट आणि हौसिंग ६० च्या वेगाइतके फिरतील आणि चाके जागची हलणार नाहीत. गाडीखाली कोणीही जाऊ नये. आवाज टिपायचा असेल तर चासीला चिमट्याने लावायचे माइक वापरावेत. या अवस्थेतही घुमारा आला तर टायर आणि हब यातून सुटतात. दातांवर भार नसल्याने क्राउन-पिनियनचा सूर इथे उमटणार नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच तपासण्या केल्या. सहाव्या आणि पाचव्या गियरमध्ये आवाजात काहीही फरक पडला नाही. फोनवर ताशी ६० ला दोन्ही गियरमध्ये ५३ च्या जवळचे शिखर जागेवरच राहिले आणि ५० ला ते ४४ वर आले. ओढीत असताना २१३ च्या आसपास एक लहान शिखर दिसते आणि पाय काढला की जाते, पण केबिनमध्ये तो सूर कानाला जेमतेमच कळतो. न्यूट्रलमध्ये घुमारा बराच कमी झाला, तरी ६० च्या आसपास फरशी थरथरत राहिली. त्याखाली एक बारीक खरखर आहे. ती गुळगुळीत पृष्ठभागावर नाहीशी होते, म्हणून ती टायरांची असावी असे मानतो. वळणांवर काही बदल झाला नाही आणि हबांचे तापमानही सारखे आहे.

कोन मोजले तेव्हा मागच्या दिशेने उतार धरून पुढचा शाफ्ट २ अंश, मागचा शाफ्ट ५ अंश आणि पिनियनचा फ्लँज ४.५ अंश असे आकडे आले. म्हणजे मागच्या तुकड्याच्या पुढच्या क्रॉसवर ३ अंश आणि मागच्यावर अर्धा अंश. बारकाईने पाहिल्यावर पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये तिरक्या पट्ट्या दोन्ही बाजूंना नाहीतच असे आढळले. त्या पाट्याच्या कामात परत बसवल्याच गेल्या नाहीत. यू-बोल्टही बऱ्यापैकी आवळले गेले, आणि 'टक्' निम्म्याने तरी कमी झाला. मागच्या क्रॉसभोवती तांबूस पूड आहे आणि त्याच्या एका कपातून ग्रीस बाहेर येत नाही. सेंटर बेअरिंगचे रबर शाबूत आहे. पिनियनचा फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलत नाही, पण त्याच्या सीलमधून थोडे ऑइल पाझरलेले दिसते.

ॲक्सल शाफ्ट अजून काढलेले नाहीत. ते करणे आता आवश्यक आहे का? आणि त्या २१३ च्या सुराचे काय करावे?

उत्तर ३ देणाऱ्याचा पुढील प्रतिसाद

ॲक्सल शाफ्ट काढण्याची गरज उरलेली नाही, कारण वळणे, तापमान आणि जागेवर राहणारे ५३ चे शिखर यांनी चाकांची बाजू आधीच निकालात काढली आहे. तुमचे दोन क्रॉस ३ आणि अर्धा अंश अशा विषम कोनांवर फिरत आहेत, फरक अडीच अंशांचा आहे, आणि घुमाऱ्याचे मुख्य कारण तेच आहे. पाय काढल्यावर तो कमी होतो कारण क्रॉसवरची ओढ कमी होते, आणि पूर्ण जात नाही कारण शाफ्ट फिरतच असतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोनाच्या तिरक्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्याच बसवा. पिनियन २ अंशांवर आला तर दोन्ही क्रॉस ३-३ अंशांवर जुळतील, आणि भार भरल्यावर चासी खाली येऊन ते आणखी कमी होतील. बसवताना पट्टीची जाड बाजू कोणीकडे जाते हे कोनमापकानेच ठरवा, डोळ्याने नको.

मागचा क्रॉस मात्र बदलावाच लागेल, आणि तो अर्ध्या अंशावर कोरडा चालल्यामुळे त्याच्या सुयांच्या जागी खाचा पडलेल्या दिसल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका. शाफ्ट उतरवण्याआधी सरकत्या जोडावर आणि दोन्ही फ्लँजवर रंगाने खुणा करा, म्हणजे योकांची रेषा आणि शाफ्टचे संतुलन जसेच्या तसे परत मिळेल.

हौसिंगचा प्रश्न ऑइलने सोडवता येतो. गाडी चालवून गरम असतानाच ते काढा आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटले आहे ते पाहा. बोटांत चोळल्यावर मलमासारखी लागणारी करडी पूड नेहमीच्या झिजेची असते. पातळ चकचकीत खवले दिसले तर बेअरिंगचा पृष्ठभाग सोलला जातो आहे, आणि जाड, धारदार तुकडे म्हणजे दाता तुटला आहे. या दोन्हींपैकी काहीही असेल तर हौसिंग उघडायलाच हवे. फक्त पूड असेल तर मॅन्युअलमधील दर्जाचे ऑइल भरणीच्या भोकापर्यंत भरा. पातळी खाली गेली की पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ऑइल सर्वांत आधी कमी पडते, म्हणून सील बदलणे टाळू नका. पण आधी हौसिंगचा ब्रीदर (आतली हवा सोडणारी वाट) मोकळा आहे याची खात्री करा, कारण तो तुंबला की आतला दाब नवे सीलही फोडून बाहेर येतो. सील बदलताना पिनियनचा नट आणि शाफ्टचे टोक यांवर खूण करून नट मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणेच आवळा. दबणारा स्पेसर असलेल्या हौसिंगमध्ये नट जास्त आवळला गेला तर बेअरिंगांवरचा आगाऊ दाब वाढतो, आणि आज नसलेला आवाज उद्या सुरू होतो.

केबिनमध्ये जेमतेम ऐकू येणारा ओढीतला सूर वापरलेल्या क्राउन-पिनियनमध्ये असतोच. पट्ट्या आणि क्रॉस बसवल्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच भाराने, त्याच वेगात पुन्हा आलेख काढून ठेवा आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी त्याच्याशी तुलना करा. शिखर तेवढेच असेल तर हात लावू नका. ते वाढले किंवा चुंबकावर खवले दिसू लागले, तर हौसिंग उघडून दातांवर रंग लावून त्यांचा ठसा पाहा. तेव्हाही क्राउन आणि पिनियन एकाच क्रमांकाच्या जोडीनेच घ्यावे लागतील, कारण ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

समजले. तिरक्या पट्ट्यांची जोडी, मागचा यूजे क्रॉस आणि पिनियनचे सील एवढेच मागवतो आहे. क्राउन-पिनियनची मागणी नोंदवलेली नव्हतीच, ती आता नोंदवणारही नाही. पुढचा क्रॉस त्याच वेळी बदलावा का, एवढेच विचारायचे राहिले.

उत्तर ३ देणाऱ्याचा पुढील प्रतिसाद

शाफ्ट खाली आल्यावर पुढचा क्रॉस हातात धरून दोन्ही दिशांना सावकाश वळवून पाहा. तो सगळीकडे सारखाच मऊ वळला आणि चारही कपांतून ग्रीस आले, तर राहू द्या. वळवताना मध्यावर एखाद्या खाचेत अडकल्यासारखा थांबला, तर बदला.